हायवा (मोठा टिपर) शिकायचाय: क्रशरवर जाऊ की ओबीवर? सल्ला हवा

पिकअपवाला_२३
नमस्कार मंडळी. वय २३, दहावी पास. तीन वर्षं पिकअपवर आहे, नारायणगाव ते चाकण भाजीपाला आणि मिळेल ते भाडं. लायसन एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं. आता मोठी गाडी धरायची म्हणतो. दोन ठिकाणी बोलणं झालंय. एक आमच्याच भागातला खडी क्रशर. दहा चाकी हायवा, पगार नाही, खेपेवर पैसे. मालक म्हणतो, "लायसनचं नंतर बघू, आधी हात बसव." दुसरं यवतमाळकडच्या वणीला. मेहुणा तिथं आहे, त्याच्या ओळखीनं कोळसा खाणीत ओबी (कोळशावरची माती-दगड) काढणाऱ्या ठेकेदाराकडे. महिना पगार, राहायची सोय, बारा तासांची पाळी. आई म्हणते एवढ्या लांब नको. काय करू? आणि हायवा पिकअपपेक्षा खरंच एवढा वेगळा असतो का?

फाळका_बंद
"लायसनचं नंतर बघू" म्हणणाऱ्या मालकाला तूही "बघू" म्हण आणि निघ. एलएमव्हीवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालते, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच कायम केलं. दहा चाकीचं भरून वजन २८.५ टन. काही झालं की विमावाले आधी लायसन मागतात. एलएमव्हीला वर्ष झालंय, वय २० च्या पुढे आहे, मग हेवीचं लर्निंग आजच काढ की. आठवी पासची अटसुद्धा २०१९ ला गेली.

जुना_टिपरवाला
फरक विचारलास म्हणून सांगतो. चालवायला हायवा अवघड नाही, चार दिवसांत अंदाज येतो. माणसं मरतात ती माल खाली करताना.

बॉडी वर गेली की सगळं वजन वर जातं. मागचं एक चाक जरी भुसभुशीत भरावात बसलं तरी गाडी आडवी. माझी गेली होती. पावसाळ्याचे दिवस, ओला मुरूम, अर्धा खाली पडला आणि अर्धा पुढच्या कोपऱ्यात चिकटून राहिला. मी काय केलं, तर बॉडी तशीच वर ठेवून पुढे घेऊन ब्रेकचा झटका दिला. सगळेच देतात. जॅक वाकला, गाडी डाव्या अंगावर. मी पट्ट्याला लटकलेलो. क्लीनर नशिबाने चहाला गेला होता, नाहीतर तो त्याच बाजूला उभा असायचा. तेव्हापासून माल चिकटला की बॉडी खाली घेतो आणि फावड्याने मोकळा करतो. मालक ओरडला तर ओरडू दे.

बॉडी वर असताना टेकू लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही, ग्रीस मारायलाही नाही. खाली करायच्या आधी वर बघायचं, विजेची तार असते. निघताना पीटीओ (बॉडी उचलायच्या पंपाला इंजिनची ताकद देणारा गियर) काढलाय का ते बघायचं, बॉडी पूर्ण बसली का ते बघायचं. बॉडी वर ठेवून गाडी हाणली आणि कमान घेऊन गेला, असे दोघे मला माहीत आहेत. उताराला न्यूट्रल मारून डिझेल वाचवणाऱ्याच्या शेजारी बसूसुद्धा नकोस.

आता पैशाचं. ब्रास म्हणजे १०० घनफूट. खडीचा एक ब्रास सव्वाचार-साडेचार टन भरतो. रिकामी गाडी अकरा-बारा टन. म्हणजे चार ब्रासलाच वजनाची मर्यादा संपते. क्रशरवर भरतात सहा! ओव्हरलोडचा दंड २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. मालकाला एकच विचार, चलन कुणाच्या खिशातून? खेपेवर पैसे असले की वजन पण तूच वाढवणार, पळवणार पण तूच, आणि मालक म्हणणार मी कुठं सांगितलं.

ओबी_नाईट
भाऊ, मी वणीकडेच आहे, टिपरवर. मेहुण्याला विचार की व्हीटीसी ट्रेनिंग (खाणीत उतरायच्या आधीचं प्रशिक्षण) आणि मेडिकल करून घेतात का. खाणीत त्याशिवाय उतरवता येत नाही. जो म्हणेल दोन दिवस असाच चालव, त्याच्याकडे जाऊ नको.

काम एकसुरी आहे. पोकलेन भरतो, तू डम्पवर (माती टाकायच्या ढिगावर) नेऊन टाकतो, परत. पण डम्पच्या काठाला मातीचा बांध नसेल तर रिव्हर्स घेऊ नको, डोझरवाल्याला आधी बांध करायला लाव. पावसात हॉल रोड (खाणीतला गाड्यांचा रस्ता) साबणासारखा होतो. बीईएमएलचे मोठे डम्पर दिसले की बाजूला हो, त्याला जवळची गाडी दिसतच नाही. उन्हाळा तर विचारूच नको, एसी केबिन असेल तर तीच गाडी मागून घे.

बारा तासांचं म्हणशील तर जुन्या खाण कायद्यात जमिनीवरच्या कामाला दिवसाचे ९ आणि आठवड्याचे ४८ तास होते, नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितेत दिवसाचे ८. पुढचे तास दुप्पट दराने. आणि कोल इंडियाच्या ठेकेदारी कामाला एचपीसी रेट (ठेकेदारी कामगारांसाठी ठरलेली मजुरी) लागतो, सीएमपीएफ (कोळसा खाण कामगारांचा पीएफ) कापला पाहिजे. खात्यात किती येतात आणि त्यातले परत किती मागतात, हे तिथं काम करणाऱ्या पोराला चहावर विचार. ठेकेदाराला विचारून काही कळणार नाही.

पिकअपवाला_२३
खूप आभार दादा. मेहुणा म्हणतो वर्षभर चालव, मग कर्ज काढून स्वतःची गाडी लाव.

सावर्डेकर
गोव्यातून लिहितो. आमच्याकडे घरटी टिपर होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद. हप्ते थांबले नाहीत. अंगणात उभ्या गाडीचे टायर सुद्धा कुजतात. एकाच खाणीच्या भरवशावर गाडी घेऊ नकोस, एवढंच.

तलाठी_नाही_पण
क्रशरवर गेलासच तर महाखनिजची (सरकारच्या ऑनलाइन यंत्रणेची खनिज वाहतुकीची) पावती हातात आल्याशिवाय चाक हलवू नको. गाडी नंबर आणि वेळ जुळवून बघ. वेळ संपलेली पावती म्हणजे पावती नाहीच. वाळूची रात्रीची खेप कितीही देत असले तरी नाही म्हण. तहसीलदारांनी गाडी धरली की मालकाचा फोन लागत नाही, आणि गुन्ह्यात नाव ड्रायव्हरचं.

पिकअपवाला_२३
क्रशरवाल्याला फोन केला होता. चलन कुणाचं विचारलं तर म्हणाला, "आला नाहीस अजून आणि चलनाचं विचारतोस?" त्याला राम राम. सोमवारी हेवीच्या लर्निंगचा फॉर्म भरतोय. वणीला आधी दोन दिवस नुसतं बघायला जातो, आईला तेवढं पटलंय.

जुना_टिपरवाला
जाताना बूट घालून जा, चपलेवर गेटच्या आत सोडणार नाहीत.