प्रतिसाद: जेना बर्कर्ट आणि आर्मीची कुस्ती

वर कुणीतरी लिहिलंय की आर्मीतल्या खेळाडूंना आयता पगार मिळतो, बाकी काय. मला हे अजिबात पटलं नाही. अमेरिकन आर्मीची जेना बर्कर्ट बघा, तेव्हा फ्रीस्टाईल कुस्ती खेळायची, आर्मीच्या खास खेळाडूंसाठीच्या युनिटमध्ये, कोलोरॅडोत फोर्ट कार्सनच्या लष्करी तळावर. तिथे सराव हीच ड्यूटी, पण अंगावर वर्दी असतेच. २०२१ च्या एप्रिलमध्ये टोकियो ऑलिंपिकसाठी अमेरिकन टीम निवडायच्या ट्रायल्स होत्या आणि त्याच्या थोडेच दिवस आधी तिची आई गेली. तरी पोरगी मॅटवर उतरली, ५७ किलोत फायनलला पोचली, समोर कोण तर हेलन मारुलिस, रिओ ऑलिंपिकची गोल्ड मेडलिस्ट! तीनपैकी दोन कुस्त्या जिंकायच्या होत्या, पहिली हरली, दुसरी जिंकली, तेव्हा अंगावर काटा आला खरंच. तिसरी गेली आणि ऑलिंपिकही गेलं. मारुलिसने नंतर टोकियोत ब्राँझ आणलं, म्हणजे जेनाने कुणाला घाम फोडला होता ते कळतं.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओस्लोला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ५५ किलोत जेनाने ब्राँझ मारलं. मात्र ५५ किलो हा गट ऑलिंपिकमध्ये नाहीच, तिथे थेट ५३ नाहीतर ५७. दोन किलोसाठी किती जणींचं करिअर अडतं ह्यावर कुणी बोलतच नाही.