रोजगार विनिमय केंद्राला टाळे लावून वेर्ण्याला माणसे मिळणार आहेत का?

बेंचवाइस

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतून 'वेर्णा फेज २' या टोपणनावाने लिहिणाऱ्यांचे परवाचे लिखाण वाचले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पणजीचे रोजगार विनिमय केंद्र, कौशल्य विकास संचालनालय आणि आयटीआय यांतले कोणीही कारखानदाराच्या उपयोगी पडत नाही. केंद्र फक्त कार्डे देते, ते बंद करावे. कंत्राटदार दोन दिवसांत माणसे आणून उभी करतो. वाचून राग आला, म्हणून सविस्तर लिहितो.

केंद्राकडे कंपन्यांची मागणीपत्रे कशी जातात ते आधी बघा. बहुतेक पत्रांत एवढेच असते: "फिटर, १० जागा, अनुभवी, पगार नियमानुसार." यावरून खिडकीपलीकडच्या कारकुनाने माणूस कसा काढायचा? औषधाच्या कारखान्यात टॅब्लेट कॉम्प्रेशन मशीनचे पंच-डाय बदलणारा फिटर वेगळा आणि जहाजबांधणीच्या यार्डात प्लेटी बसवणारा फिटर वेगळा. दोघांचे सर्टिफिकेट एकच, हाताचे वळण निराळे. पाळी कुठली, रात्रपाळी आहे का, हातात किती पडणार, बस कुठपर्यंत येते, यातले काहीच लिहिलेले नसते.

मग केंद्र नोंदणीच्या क्रमाने नावे काढते. पत्रे जातात, थोडे जण येतात, कोणी पसंत पडत नाही. इथपर्यंत ठीक. खरी चूक पुढे होते: कोण आला, कोण आला नाही, कोणाला का नाकारले, हे कंपनी केंद्राला कळवतच नाही. त्यामुळे पुढच्या मागणीला पुन्हा तीच नावे निघतात आणि कंपनी म्हणते, यादी जुनी आहे. जुनी ठेवली कोणी?

वेर्णा फेज २

बेंचवाइसबाब, सगळे खापर कंपनीच्या माथी फोडणे सोपे आहे. आता दुसरी बाजू ऐका. एका मध्यम कारखान्याच्या एचआरकडे वर्षभरात कोण कोण येते? केंद्राला तिमाही पत्रक हवे. आयटीआयला ड्युअल ट्रेनिंगचा (काही शिक्षण आयटीआयत, काही कारखान्यात) करार हवा. अप्रेंटिसशिपवाल्यांना कोटा भरलेला हवा. कौशल्य विकासाला सर्वेक्षणाचा फॉर्म हवा. शिवाय एनसीएस या सरकारी नोकरी-नोंदणी पोर्टलवर नोंदणी करा, तो २०१५ पासून आहेच. प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, तुमच्याकडे कामगार किती? आणि उत्तर प्रत्येकाच्या वेगळ्या फॉर्मवर भरायचे. एकाने घेतलेली माहिती दुसऱ्याला दिसत नाही. आणि माणूस आणून देणारा यांत एकही नाही.

कंत्राटदार रात्री नऊ वाजता फोन उचलतो. सकाळी सहाच्या पाळीला चार हेल्पर कमी पडले तर मी पणजीला अर्ज करत बसू का?

नोंदवही

दोघेही एकाच रोगाची दोन लक्षणे सांगत आहात.

कायद्याचे आधी, कारण यावर बरेच जण चुकीचे बोलतात. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा कळवणे सक्तीचे होते. केंद्राच्या यादीतूनच माणूस घ्यायची सक्ती कधीच नव्हती. कामगारांच्या संख्येचे ईआर-१ पत्रक तिमाही संपल्यावर ३० दिवसांत द्यायचे. रिक्त जागा कळवली नाही तर दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, त्यानंतर १,००० पर्यंत. या दंडाला कोणी भिणार नव्हते आणि कोणी भ्यालेही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, १९५९ चा कायदा तिच्यात गेला. मर्यादा २० वर आली, केंद्राचे नाव 'करिअर सेंटर' झाले. घ्यायची सक्ती अजूनही नाही. म्हणजे मालक केंद्राकडे येईल तो उपयोग झाला तरच.

आता उपयोग का होत नाही? कार्ड असलेला प्रत्येक जण बेकार नसतो. गोव्यात सरकारी नोकरीच्या अर्जाला एम्प्लॉयमेंट कार्ड जोडायची सवय इतकी मुरली आहे की वेर्ण्यात किंवा कुंडईत कामाला असलेला माणूससुद्धा कार्ड जिवंत ठेवतो. त्याला तुमच्या खासगी मुलाखतीचे पत्र गेले तर तो येणार नाहीच. दुसरे, बारावीनंतर नाव घातलेल्या मुलाने पुढे आयटीआय केले आणि केंद्रात येऊन कळवले नाही, तर नोंदवहीत तो बारावी पासच राहतो. इलेक्ट्रिशियन मागितला की त्याचे नाव निघत नाही. नोंदणी राखणारे एका खात्यात, परीक्षेचा निकाल दुसऱ्या खात्यात. निकाल लागल्या दिवशी ती यादी थेट नोंदवहीत चढली पाहिजे. यात अवघड काय आहे ते मला कळत नाही.

माशेलकार

मूळ मुद्दा कोणी बोलतच नाही. ८० टक्के जागा गोमंतकीयांना, असा कायदा करा, सगळे सुतासारखे सरळ होतील. परराज्यातला कामगार स्वस्त पडतो म्हणून इथल्या मुलांना 'अनुभव नाही' सांगतात.

नोंदवही

माशेलकारबाब, हरयाणाने ३० हजारांपर्यंतच्या पगाराच्या खासगी जागांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा केला होता. पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. कर्नाटकाने २०२४ मध्ये विधेयक आणायचे ठरवले आणि दोन दिवसांत बाजूला ठेवले. त्या वाटेने वेळ जाईल, मुलांची वर्षे जातील. तुमची कळकळ खरी आहे, पण हा मार्ग न्यायालयात टिकलेला नाही.

माशेलकार

टिकलेला नाही म्हणून गप्प बसायचे? कंत्राटदार ज्या दराने माणसे आणतो, तो दर कोण तपासतो? ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा कायदा आहे. किती ठिकाणी दुप्पट मिळतो ते कंत्राटी हेल्परांना विचारा. हे न तपासता 'स्थानिक येत नाहीत' म्हणणे अन्याय आहे.

नोंदवही

हे मान्य. दर तपासलाच पाहिजे.

वाळपई पहिली बस

स्थानिक का येत नाहीत ते मी सांगतो, दाखल्यांशिवाय. सत्तरी तालुक्यातला मुलगा होंड्याच्या आयटीआयमधून पास होतो. वेर्ण्याची पहिली पाळी सहा किंवा सातची. वाळपईहून उसगाव, फोंडा, बोरी पूल, लोटली करत जायचे. सार्वजनिक बसने फोंड्याला गाडी बदलावीच लागते. पहिली गाडी पकडली तरी बोरी पुलावर अडकला की हजेरीचा पंच उशिरा. तीन वेळा उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. दुसरी पाळी सुटते तेव्हा परतीला फोंड्यापर्यंतसुद्धा खात्री नाही.

वेर्णा फेज २

कंपनीच्या बसेस आहेत. मडगाव, वास्को, पणजी, फोंडा.

वाळपई पहिली बस

फोंडा! फोंड्यापर्यंत त्याने पहाटे पाचला कसे यायचे? दुचाकीवर. पावसात, खांडेपारच्या वळणांवरून, रात्रपाळी करून परत. आईबाप पाठवत नाहीत ते आळशी म्हणून नव्हे.

बेंचवाइस

पगाराचा हिशेब मांडतो, कोणाला खोटा वाटला तर आकडे बदलून बघा. जाहिरातीत १८,००० रुपये. बेसिक १२,००० धरले तर पीएफ १२ टक्क्यांनी १,४४०. ईएसआय पाऊण टक्का, १८,००० वर १३५. राहिले १६,४२५. त्यातून कँटीन आणि बसची कपात. मग रोज फोंड्यापर्यंतचे पेट्रोल. मुलाखतीला '१८' ऐकून आलेला मुलगा पहिली पगाराची चिठ्ठी बघतो आणि दुसऱ्या महिन्यात येत नाही. मागणीपत्रात हातात पडणारी रक्कम लिहा, येणारे कमी येतील पण आलेले टिकतील.

वेर्णा फेज २

हे तुम्ही असे मांडता की कंपनी फसवते. पीएफ त्याच्याच नावावर जमा होतो, कंपनी तेवढेच वर घालते. ईएसआयला कंपनी सव्वातीन टक्के भरते. हेही सांगा की!

वाळपई पहिली बस

सांगितले. पण पीएफवर फोंड्याची बस येत नाही.

कुंडई गेट

बसच्या भांडणात मी मुद्दाम पडतो, कारण इथेच खात्यांचे एकत्र काम दिसायला हवे आणि इथेच ते सर्वांत कमी आहे. कुंडई, मडकई, बेतोडा या तीन वसाहती फोंडा तालुक्यात, एकमेकींपासून लांब नाहीत. प्रत्येक कंपनी आपली मिनीबस अर्धी रिकामी फिरवते. पाळ्यांच्या वेळा अर्ध्या तासाने मागेपुढे, म्हणून एकत्र होत नाहीत. कंपन्यांनी सहा, दोन, दहा अशा समान वेळा ठरवल्या तर एक मोठी बस तीन वसाहती घेईल. हे घडवायला कंपन्यांची संघटना, औद्योगिक विकास महामंडळ, कदंब (राज्याची बससेवा) आणि मजूर खाते यांना एका टेबलावर बसवावे लागेल. कोणाचे काम आहे हे? कोणाचेच नाही, म्हणून होत नाही.

महिलांच्या रात्रपाळीलाही हेच लागू. कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याच्या नव्या संहितेप्रमाणे संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी त्यांच्या संमतीने काम देता येते, पण सुरक्षिततेच्या अटींवर. दारापर्यंत गाडी नसेल तर ती संमती कागदावरची.

वेर्णा फेज २

पाळ्या एकत्र करायच्या म्हणजे गेटवर एकाच वेळी सगळ्यांची गर्दी, बायोमेट्रिकला रांग, कुठ्ठाळीच्या बाजूने ट्रक अडकलेले. बाहेरून बोलायला सोपे आहे.

कुंडई गेट

मग पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन गट करा. अडचण सांगा, पण प्रत्येक वेळी नकाराचे कारण म्हणून सांगू नका!

बेंचवाइस

आयटीआयबद्दल आता, कारण तिथेही नुसते ठोकणे चालले आहे. फिटरची एक तुकडी २० जणांची, अभ्यासक्रम दोन वर्षांचा. तुम्ही डिसेंबरात २५ फिटर मागता. ते फर्मागुढीच्या आयटीआयत शिजवून ठेवलेले नसतात. त्या वीसमधले काही डिप्लोमाला जातात, काही परदेशी जहाजावर, काही सरकारी जाहिरातीची वाट बघत घरी. माणसे पुढच्या वर्षी हवी असतील तर करार यंदा करा. ड्युअल ट्रेनिंगमध्ये दोन वर्षांच्या ट्रेडला ६ ते १२ महिने कारखान्यात शिकवता येते, एक वर्षाच्या ट्रेडला ३ ते ६. त्या काळात तुमचे मशीन त्याच्या हाताखालून जाते, तुम्हाला मुलगा कळतो.

आणि अप्रेंटिस. ३० किंवा जास्त माणसे असली की घेणे बंधनकारक, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के, कंत्राटी धरून. १२० माणसांचा कारखाना म्हणजे किमान ३, कमाल १८. बहुतेक जण तीनवर थांबतात. का? कारण अप्रेंटिसला शिकवायला मिस्त्री मोकळा करावा लागतो. मग जे तीन घेतले त्यांना पॅकिंगला उभे करतात. वर्षाने ट्रेडची परीक्षा आली की मुलाला मायक्रोमीटर धरता येत नाही, आणि पुन्हा 'आयटीआयची मुले कच्ची' म्हणून बोंब.

वेर्णा फेज २

पॅकिंगचे काही ठिकाणी होते, नाकारत नाही. पण आयटीआयमध्ये मशीन कुठले? कन्व्हेन्शनल लेथवर शिकलेला मुलगा पीएलसी (मशीनच्या संगणकी नियंत्रणाच्या) पॅनेलसमोर उभा केला की घाबरतो.

बेंचवाइस

पॅनेल तुमच्याकडे आहे. म्हणूनच ड्युअल ट्रेनिंग.

नोंदवही

वेर्णाबाब, तुमच्या पाच फॉर्मच्या तक्रारीवर सरळ उपाय आहे आणि त्याला नवा कायदा लागत नाही. प्रत्येक वसाहतीला एक अधिकारी नेमा, आठवड्यातून एक ठरलेला दिवस वसाहतीतच बसणारा. कंपनीची माहिती तोच घेणार, एकदाच, आणि केंद्र, आयटीआय, अप्रेंटिसशिप, पोर्टल सगळीकडे तोच चढवणार. मागणी आली की त्याने गेटच्या आत जाऊन ते काम उभे राहून बघायचे: ओझे किती, उभे राहून की बसून, सॉल्व्हंटचा वास आहे का. मग नावे काढायची. मुलाखतीनंतर सात दिवसांत निकाल मागायचा, नाकारण्याच्या कारणासह. निकाल न देणाऱ्या कंपनीची पुढची मागणी रांगेत शेवटी.

मेळावे कमी करा. २०२२ च्या नोव्हेंबरात ताळगावच्या श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियमवर दोन दिवसांचा मेगा जॉब फेअर झाला. हजारोंच्या गर्दीत फिटरला फार्मा कंपनीचा टेबल सापडेपर्यंत दुपार होते. पंधरा मुले आणि एक कंपनी, फर्मागुढीच्या वर्कशॉपमध्ये, फाइल-हॅकसॉ हातात देऊन घेतलेली चाचणी त्यापेक्षा उपयोगाची. आणि कृपा करून चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात मुलाखती लावू नका. माटोळी (गणपतीवरचे फळा-पानांचे छत) बांधायची सोडून कोणी येत नाही.

माशेलकार

आणि त्या अधिकाऱ्याकडे आमदाराची चिठ्ठी घेऊन कोणी आला तर?

नोंदवही

म्हणूनच नाकारण्याचे कारण लेखी. चिठ्ठीवाला आला, चाचणीत बसला नाही, तर तेही तिथे लिहिलेले राहील.

वेर्णा फेज २

सात दिवसांत निकाल देऊ. पण तुमचा माणूस वसाहतीत आला पाहिजे, आम्हाला पणजीला बोलावणार नाही या अटीवर. आणि 'केंद्र बंद करा' हे मी मागे घेत नाही. त्या दिवशी अधिकारी आला नाही तर पुन्हा तेच लिहीन.

वाळपई पहिली बस

त्या मागणीपत्रात एक रकाना माझ्याकडून घाला: 'बस शेवटची कुठपर्यंत, आणि किती वाजता'. फोंडा लिहिलेत तर वाळपईच्या मुलाला पत्र पाठवूच नका. उसगाव तिस्कापर्यंत नेलीत तर सत्तरीतली निम्मी मुले घरच्या दुचाकीवर पोचतील.

कुंडई गेट

उसगावपर्यंत बस वाढवायची तर पहिली पाळी सातची धरून ड्रायव्हरला साडेपाचला निघावे लागेल. त्याची रात्रीची झोपायची सोय बेतोड्याला करता येईल, तिथे कोणाच्या आवारात जागा आहे का ते पुढच्या बैठकीत विचारतो.