फुकुशिमानंतर आपल्याकडे नक्की काय बदललं?

बोईसरकर_बाई:
माझी मुलगी नववीत आहे. शाळेत प्रोजेक्ट दिलाय, 'फुकुशिमापासून भारताने काय धडा घेतला', म्हणजे जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात २०११ मध्ये अपघात झाला, त्यातून. आम्ही बोईसरला राहतो, तारापूरच्या अणुवीज केंद्रात जाणाऱ्या कामगारांच्या बस रोज दारावरून जातात, त्यामुळे तिला विषय आपला वाटला. नेटवर वाचलं की भूकंपाचा धक्का बसला तर अणुभट्टी आपोआप बंद होईल अशी सोय केली, बाहेरून पाणी जोडता येईल असे पॉइंट बसवले, फिरते जनरेटर आणले. बरं, मग झाला का धडा घेऊन? पोरगी विचारते, "आई, हे तर सामान झालं. चूक कोणाची होती?" मला उत्तर देता आलं नाही.

सह्याद्री७२:
ताई, काळजी नको. जपानसारखे भूकंप आपल्याकडे होत नाहीत.

बोईसरकर_बाई:
दादा, २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे धक्के सुरू झाले, तेव्हा आमच्या मांडणीवरची भांडी वाजायची. जपानएवढे नाहीत, कबूल. पण "होत नाहीत" कसं म्हणू?

डीजीवाला_काका:
मी अणुशास्त्रज्ञ नाही. तीस वर्षं डिझेल जनरेटर सांभाळले, म्हणून फुकुशिमाची गोष्ट मला डीजी सेटच्या बाजूनेच कळते.

११ मार्च २०११ ला भूकंप झाला, बाहेरची वीज गेली आणि बंद पडलेल्या भट्ट्या थंड ठेवणारे पंप चालवायला डीजी सुरू झाले. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. पाऊण तासाच्या वर ते चाललेसुद्धा. मग लाट आली. बहुतेक डीजी टर्बाइन इमारतीच्या तळघरात होते, ते बुडाले. पण खरी मेख पुढे आहे. हवेवर थंड होणारे काही सेट वरच्या जागी होते, त्यांना पाणी लागलंच नाही. तरी उपयोग शून्य, कारण वीज पुढे नेणारी पॅनेलं खाली बुडाली होती. ६ नंबरच्या भट्टीचा एक सेट तेवढा वाचला, त्याच्यावर ५ आणि ६ दोन्ही तगल्या.

हे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. कारण २६ जुलै २००५ ला अंधेरीकडच्या एका ऑफिस इमारतीत माझ्या डोळ्यांदेखत हेच झालं होतं. सेट दुसऱ्या बेसमेंटला, दोन फुटांच्या चौथऱ्यावर. रॅम्पवरून पाणी आलं. इंजिनापर्यंत पोचायच्या आधी ते एएमएफ पॅनेलमध्ये शिरलं, म्हणजे वीज गेली की सेट आपोआप सुरू करून जोडणाऱ्या पॅनेलमध्ये. मशीन ठणठणीत, पण वर एक बल्ब लागेना. आदल्याच पावसाळ्यात घोटाभर पाणी आलं होतं आणि मी लॉगबुकात लिहिलं होतं, "पॅनेल वर घ्यावे". मॅनेजरने वाचून सही केली. वर घ्यायचं म्हणजे भाड्याची एक खोली जाणार, मग कोण घेतंय!

फुकुशिमा चालवणाऱ्या टेप्को कंपनीचंही तेच. २००८ मध्ये कंपनीच्याच हिशेबात लाट १५.७ मीटरपर्यंत येऊ शकते असं निघालं होतं. तयारी होती ५.७ मीटरची. आकडा फायलीत राहिला. त्यांच्यावर देखरेख करणारी संस्था कोणाच्या हाताखाली? अणुवीज वाढवायचं काम ज्याच्याकडे, त्याच अर्थ-व्यापार-उद्योग मंत्रालयाच्या. जपानी संसदेने नेमलेल्या आयोगाने २०१२ मध्ये याला सरळ मानवनिर्मित दुर्घटना म्हटलं. त्याच वर्षी सप्टेंबरात ती संस्था मोडून नवीन नियामक उभा केला, त्या मंत्रालयाच्या बाहेर.

आमच्याकडे एकदा विद्युत निरीक्षक आले, अर्थिंगचं रीडिंग बरोबर नाही म्हणून सही न करता निघून गेले. आमचे साहेब नुसते धुमसत राहिले. त्या माणसाचा पगार आमच्याकडून होत नव्हता, एवढंच त्याचं बळ. मुलीला हे सांगा.

कोर्टाची_पायरी:
काकांच्या सूत्रात आपली माणसं बसवून बघा. एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालं ते सरकारी आदेशाने. ते उत्तरदायी होतं अणुऊर्जा आयोगाला. आयोगाचे अध्यक्ष अणुऊर्जा विभागाचे सचिव. आणि वीज बनवणारी एनपीसीआयएल त्याच विभागाची. २०१२ मध्ये कॅगने यावर बोट ठेवलं. नियम मोडल्याचा जास्तीत जास्त दंड ५०० रुपये, हेही त्याच अहवालात. नवीन नियामक प्राधिकरणाचं विधेयक सप्टेंबर २०११ मध्ये लोकसभेत आलं आणि २०१४ ला लोकसभेबरोबर बारगळलं. शेवटी डिसेंबर २०२५ च्या 'शांती' या नव्या अणुऊर्जा कायद्याने मंडळाला कायद्याचा दर्जा दिला. त्याच कायद्याने खासगी कंपन्यांनाही दार उघडलं, म्हणजे तपासायचं कामही वाढणार.

डीजीवाला_काका:
वकीलसाहेब, दर्जा मिळाला ते चांगलंच. पण सही नाकारणाऱ्याची बदली कोण करू शकतो, ते कलम मला आधी वाचायचंय.

आणि एक राहिलं. धडा परदेशातूनच यायला हवा होता असं नाही. ३१ मार्च १९९३, उत्तर प्रदेशातलं नरोरा अणुवीज केंद्र. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, मुख्य आणि राखीव पुरवठ्याच्या केबल जवळजवळ असल्याने दोन्ही जळाल्या. १७ तास वीज नाही. पोरांनी आग विझवायच्या डिझेल पंपाने पाणी देऊन भट्टी थंड ठेवली. बाहेरून पाणी जोडायच्या पॉइंटचं नवल वाटतं ना, त्याची रंगीत तालीम आपल्याकडे आधीच झाली होती. त्या शिफ्टला माझा सलाम.

बोईसरकर_बाई:
काका, वाचून दाखवलं. तिने चार्टवर इमारत उभी चिरून काढली आहे. समुद्र, त्यावर १० मीटर उंच जमीन, मग इमारत. विचारते, पॅनेल कुठे दाखवू?

डीजीवाला_काका:
जमिनीच्या रेघेखाली. लाल खडूने. आणि खरोखर आलेल्या लाटेची रेघ जमिनीच्या चार मीटर वर.