रुबेन्सच्या सागरकन्यांचे अभ्यासरेखाटन निर्जीव का दिसते?

प्रश्न:
सतराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार रुबेन्स याच्या ‘मारी द मेदिचीचे मार्सेय येथील आगमन’ या फ्रान्सच्या राणीवरील चित्रमालिकेतील चित्रात तळाशी तीन नेरीड, म्हणजे ग्रीक पुराणकथांतील सागरकन्या आहेत. गेले दोन महिने मी शिसपेन्सिलीने त्यांचे अभ्यासरेखाटन करीत आहे. चौकटी आखून मापे तपासली, ती बरोबर आहेत. तरीही मूळ चित्रात पाण्यातून उसळणारी ती भरदार शरीरे माझ्या कागदावर थिजल्यासारखी दिसतात. चूक रेषेत आहे की छायाभेदात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1:
माझ्या मते चूक रेषेत आहे, आणि तीही बाह्यरेषेवर विसंबल्यामुळे झालेली आहे. चौकटींमुळे अवयवाची जागा कळते, पण कंबर एकीकडे आणि खांदे दुसरीकडे वळल्याने शरीराला पडलेला पीळ त्यातून कळत नाही. फ्रेंच चित्रकार सेझानने याच चित्रमालिकेतील बेलोना या रोमन युद्धदेवतेची आकृती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अनेकदा रेखाटली. त्या रेखाटनांत एकच घट्ट कड नसून, आकार कुठे वळतो हे शोधणाऱ्या तुटक, पुन्हा पुन्हा ओढलेल्या रेषा आहेत. आपणही छायांकन बाजूला ठेवून प्रत्येक आकृतीची दोन-दोन मिनिटांची दहा रेखाटने करावीत.

प्रतिसाद 2:
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु साधनाचाही विचार व्हावा. रुबेन्स स्वतः काळा, तांबडा आणि पांढरा खडू वापरून रेखाटत असे. त्याच्या मानवी देहांच्या सावल्यांत ऊब असते आणि सावलीच्या कडेला परावर्तित प्रकाश असतो. पांढऱ्या कागदावरील शिसपेन्सिलीत ही ऊब येत नाही, आणि सावली गडद करण्याच्या नादात तो परावर्तित प्रकाशही बुजतो. मध्यम छटेचा तपकिरी कागद घेतल्यास अर्धछाया, म्हणजे उजेड आणि गडद सावली यांमधली छटा, कागदच सांभाळतो.

अंगावरचे जलबिंदूही जवळून पाहावेत. फ्रेंच चित्रकार देलाक्रवाने त्यांचा अभ्यास केला होता आणि 1822 च्या ‘दांतेची नौका’ या चित्रात त्याने पाण्याचे थेंब पांढरा, पिवळा, हिरवा, लाल असे न मिसळलेले रंग शेजारी-शेजारी ठेवून रंगवले. रेखाटनात ते रंग नसले, तरी थेंबाखालची त्वचा कुठे वळते हे त्यावरून नेमके समजते.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. पांढरा खडू आरंभीच वापरावा का?

प्रतिसाद 2:
नाही, तो अगदी शेवटी वापरावा, आणि जिथे त्वचा ओली आहे तिथेच.