प्रतिसाद: पॅरिसची तेवढीच शुद्ध फ्रेंच?

वर 'पॅरिसची तीच शुद्ध फ्रेंच, बाकी सगळी गावठी' असं लिहिलंय ते अजिबात पटलं नाही. दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ-मार्सेकडे शब्दाच्या शेवटचा जो स्वर पॅरिसवाले गिळून टाकतात तो नीट ऐकू येतो, पावाला म्हणतात तो शब्द तर 'पेंग'सारखा वाजतो, किती गोड वाटतं कानाला! आणि २०१८ मध्ये मेलाँशाँसारख्या फ्रान्सच्या डाव्या नेत्याने दक्षिणेकडच्या एका पत्रकार बाईंच्या हेलाची कॅमेऱ्यासमोर नक्कल केली, वर म्हणे कोणीतरी फ्रेंचमध्ये प्रश्न विचारा, हे बघून भयंकर चीड आली. २०२० मध्ये तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहाने अ‍ॅक्सेंटवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध विधेयक मंजूर केलं, तेव्हाचे पंतप्रधान कास्तेक्स स्वतः नैर्ऋत्येकडच्या हेलात बोलणारे. कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांताचं तर विचारूच नका, तिकडचे कित्येक सिनेमे फ्रान्समध्ये सबटायटल लावून दाखवतात, भाषा तीच असून!