‘एक कोयता’ म्हणजे किती माणसं? द्वंद्वात्मक फिनॉमेनॉलॉजी चळवळीच्या कामाची आहे का?

मुक्कामपोस्ट (मूळ धागा)
आमच्या अभ्यासगटात एकाने ठणकावून सांगितलं, की फिनॉमेनॉलॉजी (एखादी गोष्ट जगणाऱ्याला जशी जाणवते तशी तपासणारं तत्त्वज्ञान) म्हणजे खोलीत बसून स्वतःच्या जाणिवा न्याहाळणं. चळवळीला फक्त आर्थिक विश्लेषण लागतं. मला हे अजिबात पटत नाही.

दोन हंगाम मी ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या साखरशाळेत शिकवलं. तेव्हा उसाच्या फडावर मुकादमाची वही पाहिली. कोयते अकरा, माणसं बावीस. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस आलं तर अर्धा. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आणि तोडणीतून फेडायची आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या नावावर. बाई पाचट काढते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. वहीत तिचं नाव नाही. एकीला विचारलं तर म्हणाली, “आमचा कोयता हाय की.”

त्या ‘आमचा’पाशी थांबणं ही फिनॉमेनॉलॉजी. ‘तुला खरं काय ते कळत नाही’ असं तिला न सांगता, हा शब्द तिच्या जगण्यात कसा उमटतो ते आधी पाहायचं. त्यात आपलेपणा आहे, कष्टाचा अभिमान आहे. पण मासिक पाळीत किंवा बाळंतपणात ती आडवी झाली, की खाडा (गैरहजेरी) पडतो आणि दंड अख्ख्या कोयत्याला बसतो. म्हणजे राबते तेव्हा तिची मोजदाद नाही, थांबली की लगेच आहे! हा विरोध तिच्या अनुभवातच आहे, मी बाहेरून आणलेला नाही. तो उलगडत नेणं हा द्वंद्ववाद. आणि मागणी तिथूनच निघते: वहीत दोन नावं, दोन खाती, खाड्याचा दंड बंद. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया गाजल्या, तेव्हा त्यांचा खाड्याशी असलेला संबंध बायकांनी स्वतःच सांगितला होता.

रोखठोक
तुमची मागणी शंभर टक्के मान्य, पण तिच्यावर हे जड लेबल कशाला? महाडचंच घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा मुंबई विधिमंडळातला बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा, आणि बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले २० मार्च १९२७ ला. कोलंबियात त्यांना अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई शिकवायला होते, फिनॉमेनॉलॉजीचे प्रवर्तक हुसर्ल नव्हे. हक्क कागदावर आहे, तो बजावून पाहा: एवढा साधा विचार पुरला. घडून गेलेल्या लढ्यावर नंतर पद्धतीचं नाव चिकटवणं सोपं असतं.

मुक्कामपोस्ट
बाबासाहेबांना मी कुठल्याही पंथात बसवत नाहीये. ड्यूईंचं ऋण त्यांनी स्वतः मानलं आहे. पण पुढचंही पाहा. ओंजळभर पाणी प्यायल्यावर तळं ‘शुद्ध’ करायला शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतल्या गेल्या. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. बाबासाहेबांच्या बाजूने कोर्टाचा निकाल १९३७ साली लागला. ‘हक्क बजावा’ एवढ्यावर भागलं असतं, तर डिसेंबर १९२७ मध्ये त्याच महाडात मनुस्मृती का जाळावी लागली? अडचण कायद्यात जितकी, तितकीच स्पर्शाच्या अनुभवात मुरलेली होती. स्पर्श कोणाला काय वाटतो आणि तसा का वाटतो, हे न पाहता ते पाऊल कळत नाही.

बालाघाट
माझ्या आईने सतरा हंगाम तोडणी केली. मी कोपीत (फडावरच्या झोपडीत) वाढले, त्या वहीत माझ्या बापाचंच नाव होतं. म्हणून दोन गोष्टी.

एक. राजकीय विचारवंत गोपाळ गुरू यांनी २००२ साली विचारलं होतं, की सिद्धांत मांडणारे एकीकडे आणि अनुभव पुरवणारे दुसरीकडे अशी वाटणी समाजशास्त्रांत का आहे? तुमच्या लेखात माझ्या आईसारख्या बाईचं एक वाक्य येतं आणि अर्थ लावता तुम्ही. ती वाटणी तशीच राहिली. तिला विरोध दिसत नव्हता असं समजू नका. रात्री पाठ शेकताना माझी आई हेच बोलायची, फक्त मुकादमाच्या ओळखीने आलेल्या गुरुजीपुढे बोलली नसती.

दुसरी जास्त महत्त्वाची. दोन नावं लिहा म्हटलं की मुकादम म्हणेल, ठीक, तुझी उचल निम्मी, तिची निम्मी. नवरा गेल्यावर आईला दोन वर्षं कोणी उचल दिली नाही, अर्धा कोयता कोणाला नको असतो. नाव आलं आणि उचलीची पद्धत तीच राहिली, तर कर्जही तिच्या नावावर येईल. हे तुमच्या पद्धतीत कुठे दिसलं?

त्रिज्या
बालाघाट यांच्या पहिल्या मुद्द्याला जोडून. फिनॉमेनॉलॉजी आणि द्वंद्ववाद यांची सांगड घालणारा मोठा माणूस म्हणजे व्हिएतनामचा त्रान दुक थाओ. १९४६ साली पॅरिसमध्ये छापून आलेल्या लेखात त्याने लिहिलं, की ‘स्वातंत्र्य’ हा एकच शब्द फ्रेंच माणूस आणि व्हिएतनामी माणूस आपापल्या क्षितिजातून ऐकतात, म्हणून चर्चेत एकमेकांचं म्हणणं पोचतच नाही. लाजवाब मांडणी. १९५१ मध्ये त्याचं मोठं पुस्तक आलं, मग तो मायदेशी परतला. तिथे जमीनसुधारणेत गावकऱ्यांना भर सभेत आपली दुःखं सांगायला लावत होते. अनुभवही होता, विरोधही होता. पण कोणाचा अनुभव कोणत्या वर्गाच्या खात्यात टाकायचा, हे कम्युनिस्ट पक्ष ठरवत होता. निरपराध माणसं मारली गेली, १९५६ मध्ये पक्षाने चुका कबूलही केल्या. थाओने त्याच वर्षी लोकशाहीच्या बाजूने लिहिलं आणि १९५८ पर्यंत त्याचं अध्यापन गेलं. अनुभव स्वतःहून कृती सांगत नाही. मधे कोणीतरी अर्थ लावणारा उभा राहतो, मला भीती त्याची आहे.

मुक्कामपोस्ट
त्रिज्या, ती भीती खरी आहे. पण थाओ गप्प बसला नाही, तेही याच विचारातून.

बालाघाट, तुम्ही सांगितलेली कर्जाची बाजू मला दिसली नव्हती. मी वहीपाशीच थांबलो, उचलीपर्यंत गेलोच नाही. तुमच्या आई आज काय मागतील?

बालाघाट
आत्ताच फोनवर विचारलं. म्हणाली, “आधी उचल बंद करा, मजुरी आठवड्याला हातात द्या. मग नाव ल्ह्या.”