लाइन पळाली म्हणे, बार्कले नुसता मागून चालत गेला!

चौथा डाउन
परवा अमेरिकन फुटबॉलवर जायंट्सवाल्या ईस्ट रदरफोर्डकरांनी एक पोस्ट टाकली. सार असं की रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) कोणीही चालतो, २०२४ मधले साक्वॉन बार्कलेचे २००५ यार्ड हे फिलाडेल्फिया (फिली) ईगल्सच्या लाइनचे (पुढे भिडून त्याला वाट करून देणाऱ्या पाच जणांचे), न्यूयॉर्क जायंट्सने त्याला सोडलं ते बरोबरच, आणि आपल्याच गटातल्या (डिव्हिजनमधल्या) शत्रूच्या घरात गेला म्हणून तो गद्दार. खाली '+१' ची रांग बघून डोकं फिरलं. तिथे उत्तर लिहायला बसलो, ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा.

लाइन भारी होती, कबूल. मायलाटा, लँडन डिकरसन, जर्गन्स, बेक्टन, लेन जॉन्सन. पण २०२३ मध्ये जवळपास हीच लाइन होती आणि मधोमध जेसन केल्सी होता. तिच्यामागे डिआंड्रे स्विफ्टने १०४९ यार्ड काढले. मग केल्सी निवृत्त झाला, बार्कले आला आणि २००५. वरचे साडेनऊशे कोणी काढले, स्टेडियमच्या गवताने?

लाइन भोक पाडून देते. पाच-सहा यार्डांपर्यंत तिचं राज्य. त्यापुढे सेफ्टी, म्हणजे बचावातला शेवटचा माणूस, एकटा समोर येतो आणि तिथे मायलाटा येत नाही. रॅम्सविरुद्धची बर्फातली मॅच आठवा, १९ जानेवारी २०२५. मी स्टँडमध्ये होतो. यार्डाच्या रेघा बर्फाखाली बुजलेल्या, हातमोज्यांच्या आतसुद्धा बोटं बधिर. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने बॉल घेतला, लाइनपाशी क्षणभर अडखळल्यासारखं केलं आणि सुटला. बाकीचे सगळे त्या बर्फात घसरत होते, हा ट्रॅकवर पळावा तसा ७८ यार्ड. आधी ६२ चा एक झालाच होता. एकूण २०५. त्या दिवशी हे नसतं तर २८-२२ कुठून आलं असतं?

आता 'गद्दार'. ७ मार्च २०२३, एकाच दिवशी जायंट्सने क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) डॅनियल जोन्सला चार वर्षांचे १६० मिलियन डॉलर दिले आणि बार्कलेला फ्रँचायझी टॅग (एका वर्षासाठी बांधून ठेवणारा करार), १०.१ मिलियन. पुढच्या मार्चला टॅगसुद्धा नाही, 'बाजारात जाऊन भाव काढून ये'. भाव निघाला, तीन वर्षांचे ३७.७५ मिलियन, त्यातले २६ गॅरंटीड (काहीही झालं तरी मिळणारे). आणि जायंट्सचे मालक जॉन मारा एचबीओच्या कॅमेऱ्यासमोर म्हणतात, हा फिलीला गेला तर मला झोप लागणं कठीण. अहो, मग चेक फाडायचा होता!

ईस्ट रदरफोर्डकर
एवढा लांब धागा काढलात, पण साधा गुणाकार केला नाहीत. स्विफ्टच्या २२९ कॅरी (बॉल घेऊन पळण्याच्या खेपा), बार्कलेच्या ३४५. स्विफ्टच्याच सरासरीने ३४५ कॅरी दिल्या तर १५८० होतात. तुमचे साडेनऊशे एका झटक्यात सव्वाचारशे झाले. बसा.

दुसरं. फिली सोडून गेलेल्यांचं काय झालं? माइल्स सँडर्स, २०२२ मध्ये १२६९ यार्ड. कॅरोलिनाला गेला, ४३२. स्विफ्ट शिकागोला गेला, कॅरीमागे सरासरी ४.६ वरून ३.८. म्हणजे यार्ड कोणाचे?

तिसरं, २०२५. तोच बार्कले, तीच जर्सी. लाइन दुखापतींनी मोडकळीला आली आणि याची सरासरी ५.८ वरून ४.१ वर. ११४० यार्ड. सेफ्टीसमोर एकटा उरणारा तो जादूगार कुठे गेला होता?

आणि २०२२ च्या सीझनमध्येच जायंट्सने वर्षाला साधारण १२ मिलियन देऊ केले होते अशा बातम्या होत्या. नको म्हणाला. फिलीत वर्षाला साडेबारावर सही केली. अर्ध्या मिलियनसाठी माणूस घर सोडतो त्याला आमच्याकडे गद्दारच म्हणतात. ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पाचव्या राउंडला मिळालेल्या आमच्या ट्रेसीने २०२४ मध्ये चवल्यापावल्यांत ८३९ यार्ड दिले.

डॅलसची सून
दोघांनाही डिमार्को मरे आठवत नाही का? आमच्याकडे २०१४ मध्ये १८४५ यार्ड, लीगमध्ये पहिला. पुढच्या वर्षी फिलीत, ७०२. पीटर्स, केल्सी, लेन जॉन्सन तेव्हाही तिथेच होते. म्हणजे फिलीच्या लाइनमागे कोणीही पळतो हेही खोटं. (सासरे त्या वर्षी दर रविवारी टीव्हीसमोर बसून हसायचे. मला तेव्हा खेळ कळत नव्हता, पण हसणं कळायचं.)

बाल्टिमोरचा कावळा
धागा वाचून हसू आलं. त्याच वर्षी टीम बदलून आलेला डेरिक हेन्री, वय ३०, आमच्याकडे १९२१ यार्ड आणि १६ टचडाउन. किंमत? दोन वर्षांचे १६ मिलियन. बार्कलेच्या सव्वा वर्षाच्या पगारात. पण ऑफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर कोणाला? फिलीला. धागे कोणावर? फिलीवर. टीव्हीवर कोण? फिली. चालू द्या.

चौथा डाउन
@कावळा, हेन्री थोर आहे, वाद नाही. पण त्याच्या शेजारी स्वतःही पळणारा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन उभा असतो. बॉल लमारने ठेवला की दिला हे बघण्यात लाइनबॅकरचा (समोरच्या बचावपटूचा) जो अर्धा सेकंद जातो ना, त्याचा हप्ता हेन्रीला मिळतो.

@ईस्ट रदरफोर्डकर, गुणाकार बरोबर आहे. अभिनंदन. पण १५८० ला कोणी सुपरबोल (लीगची फायनल) दिला असता का हेही गुणून सांगा. आणि कॅरी वाढतात तशी सरासरी खाली येते. ३४५ वेळा मार खाऊन ५.८ राखणं हे स्विफ्टच्या आकड्याला दीडने गुणण्याइतकं सोपं नाही. १२ मिलियनच्या ऑफरमध्ये गॅरंटी किती होती तेही लिहा की. रनिंग बॅकचा करार म्हणजे गॅरंटी, बाकी शोभेचे आकडे. २०२३ मध्ये तुमच्या लाइनने ८५ सॅक दिले, म्हणजे ८५ वेळा आपल्या क्वार्टरबॅकला आडवं पाडू दिलं. त्या लाइनमागे ९६२ काढणाऱ्याला तुम्ही पुतळा बांधायला हवा होता.

लीहाय व्हॅली
मी व्हाइटहॉलजवळ राहते. बार्कले लहानाचा मोठा इथलाच. फिली इथून तासाभरावर, त्यामुळे 'घर सोडलं' वगैरे आम्हाला सांगू नका, तो घरीच आला.

आणि गद्दार-बिद्दार शब्द वापरणाऱ्यांनी स्वतःच्या नोकऱ्यांकडे बघावं. मी एका कंपनीत बरीच वर्षं काढली. पगारवाढ मागितली की 'बजेट नाही'. राजीनामा टाकला त्या दुपारी बजेट सापडलं! आणि मी नाही म्हटल्यावर निरोपाच्या केकला मॅनेजर आला नाही. कंपनीने आपल्याला काढलं तर त्याला 'रीस्ट्रक्चरिंग', आपण सोडलं तर 'विश्वासघात'.

ईस्ट रदरफोर्डकर
ताई, तुमच्या मॅनेजरला ७८ हजार लोक तिकीट काढून बघायला येत नाहीत. दहा वर्षांच्या पोराने २६ नंबरची जर्सी रडून मागितलेली असते. ती माझ्या घरात आहे, कपाटात. फेकवत नाही आणि घालवत नाही. तुम्ही कंपनी बदलल्यावर कोणाच्या पोराने जर्सी काढून ठेवली?

मेडोलँड्सचा मावळा
आमचा जुना रनिंग बॅक टिकी बार्बर बार्कलेला 'तू आमच्यासाठी मेलास' म्हणाला तेव्हा मीही टाळी वाजवली होती. नंतर आठवलं, हा तोच टिकी जो स्वतः निवृत्त होऊन कोचला आणि क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंगला बोल लावत होता, आणि त्याच सीझनला जायंट्सने सुपरबोल जिंकला. टाळी परत घेतली.

बारावा गडी
तुम्ही सगळे मूळ अन्यायाबद्दल बोलतच नाही. शेवटची मॅच, ५ जानेवारी २०२५, घरच्या मैदानावर, समोर साक्षात जायंट्स. एरिक डिकरसनचा १९८४ चा एका सीझनमधल्या २१०५ यार्डांचा विक्रम मोडायला बार्कलेला १०१ यार्ड हवे होते. आणि कोच सिरियानीने त्याला बसवलं! हे दुसरं मुलतान आहे. सचिन १९४ वर नाबाद आणि द्रविडने डाव सोडला.

वॉलभक्त
आलं का मुलतान! भारताच्या ५ बाद ६७५ झाल्या होत्या, सेहवागचे ३०९ होते. दुसऱ्या दिवशी शेवटची सोळा षटकं पाकिस्तानला खेळायला लावायची होती. जिंकलो, डावाने आणि ५२ धावांनी. अजून काय हवं?

बारावा गडी
सामना पाचव्या दिवशी सकाळी संपला. सहा धावांना एक षटक लागलं असतं. एक!

वॉलभक्त
ते एक षटक आधी टाकून झालेलं होतं. आपला रमेश पोवार निरोप घेऊन मैदानात गेला होता, तोही दोनदा. वेळेची कल्पना होती. युवराज बाद झाला आणि डाव सोडला. कर्णधाराने विक्रमाकडे नाही, सामन्याकडे बघायचं असतं.

बारावा गडी
म्हणून तर तुमच्या राहुलजींना आयुष्यभर त्याचा खुलासा करत फिरावं लागलं. सचिनने पत्रकारांना सरळ सांगितलं की मी निराश झालो.

वॉलभक्त
'राहुलजी' हा टोमणा असेल तर तुमची पातळी कळली. दादरच्या कट्ट्यावर बसून द्रविडला अक्कल शिकवणारी जमात २००४ मध्येही होती, आता तीच इथे आली आहे.

बारावा गडी
कट्ट्यावर तरी बसतो. तुमच्यासारखा सहा धावा अडवून संघभावनेची प्रवचनं देत नाही.

डॅलसची सून
अहो, हे अमेरिकन फुटबॉल आहे ना? मी पॉपकॉर्न घेऊन बसले होते, इथे मारामारीच सुरू झाली.

संपादक
वैयक्तिक शेरे टाळावेत. मुलतानवर स्वतंत्र धागे आहेत, आणि तेही बंद केलेले आहेत.

लीहाय व्हॅली
मुलतान बाजूला ठेवा, पण तुलनाच चुकीची आहे. सचिन मैदानात होता, लय लागलेली होती, धोका शून्य. बार्कलेला ३४५ कॅरीनंतर अजून चार मॅचेस खेळायच्या होत्या. २०२० मध्ये शिकागोविरुद्ध दुसऱ्याच मॅचला गुडघ्याचं लिगामेंट फाटून आख्खा सीझन गेला होता त्याचा. प्लेऑफमधलं स्थान (सीड) ठरलेलं, मॅचला अर्थ नाही, आणि १०१ यार्डांसाठी पुन्हा गुडघा पणाला? त्यानंतर प्लेऑफमध्ये ४९९ यार्ड आले. सगळं धरून २५०४, टेरेल डेव्हिसचा १९९८ चा २४७६ चा विक्रम गेला. हा विक्रम ट्रॉफीसकट आला.

ईस्ट रदरफोर्डकर
उलट बरं झालं बसवलं. डिकरसनने २१०५ सोळा मॅचेसमध्ये काढले. सतराव्या मॅचला मोडला असता तर पुढे कायमची फुली बसली असती.

चौथा डाउन
बार्कले सोळाच मॅचेस खेळला, साहेब. २००५ सोळा मॅचेसचेच. आणि सोळाचाच नियम लावायचा तर ओ. जे. सिम्पसनचे २००३ चौदा मॅचेसमधले. मग डिकरसनच्या पुढेही फुली मारा.

ईस्ट रदरफोर्डकर
मारली. आता सुपरबोलवर बोला. २५ कॅरी, ५७ यार्ड. ४०-२२ ने जिंकलात ते कोच फँजिओच्या डिफेन्सने आणि क्वार्टरबॅक हर्ट्सने. तुमच्या जादूगाराने काय केलं, वाढदिवस साजरा केला?

चौथा डाउन
होय, अठ्ठाविसावा, बोटात अंगठी घालून. चीफ्सनी आख्खा गेमप्लॅन त्याला थांबवण्यावर लावला आणि हर्ट्सने मागून घर साफ केलं. ज्याला थांबवण्यासाठी समोरचा बाकी सगळं उघडं टाकतो, त्याची किंमत बॉक्स स्कोअरच्या आकड्यांत शोधणाऱ्याने फँटसीच खेळावी.

आणि २०२५ चं म्हणाल तर तुमचा तो मुद्दा टोचला, हे लिहितो. लाइन मोडली आणि तोही खाली आला. पण त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला जायंट्सविरुद्ध १४ कॅरीत १५० काढले, पहिल्याच टचला ६५ चा टचडाउन. तुमच्याविरुद्ध त्याला लाइन लागत नसावी.

मेडोलँड्सचा मावळा
त्याच्या अडीच आठवडे आधी गुरुवारी रात्री आम्ही तुम्हाला ३४-१७ ने लोळवलं होतं. स्कॅटेबोचे तीन टचडाउन. चौथ्या राउंडचा पोरगा! तेही लिहा की.

ईस्ट रदरफोर्डकर
@मावळा, हेच तर मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. चौथ्या-पाचव्या राउंडला मिळणाऱ्या मालाला वर्षाला २०.६ मिलियन, तेही अठ्ठाविसाव्या वर्षी? मार्च २०२५ च्या एक्स्टेन्शनमधले ३६ मिलियन गॅरंटीड पुढे फिलीच्या गळ्यात अडकतात की नाही बघा.

@चौथा डाउन, बारा मिलियन आणि नीट गॅरंटी २०२३ मध्येच द्यायला हवी होती. लिहिलं. जोन्सला १६० दिल्यावर दमडी-दमडी कोणाकडे वाचवत होतो ते आम्हालाही कळलं नाही. खूश? पण निदान टेक्सास, कॅलिफोर्निया कुठेही जायचं होतं. फिली?

बारावा गडी
@संपादक, मुलतानचा तो धागा बंद का केलाय? माझा शेवटचा प्रतिसाद त्यात दिसत नाहीये.